डांबरमॅनची रिकामी खुर्ची

६ मार्च, सोमवार
आजपासून रोज लिहिणार. मोठ्या माणसांच्या रोजनिशा पुढे कामाला येतात. आयत्या वेळी धावपळ नको.

हॉल गुरुवारपर्यंत बंद. खुर्च्यांचं रेक्झिन बदलतायत. काल सकाळी पेंग्विनचा थ्रीडी लावला होता. हॉलभर पोरं, तेवढेच चष्मे, अर्ध्या चष्म्यांवर आइस्क्रीम. प्रोजेक्टर ऑपरेटरने चष्मे पुसायचे असतात, हे कोणत्या पुस्तकात लिहिलंय? पुसले. डोकं इतकं फिरलं होतं की केबिन होती तशी टाकून घरी निघून आलो.

असो. शुक्रवारी 'डांबर २' लागतोय. मी ऑपरेटर झालो तोच मुळी 'डांबर'मुळे. रस्त्यावर काम करणारा साधा माणूस, उकळत्या डांबराच्या टाकीत पडतो आणि अंगभर काळा होऊन बाहेर येतो. मग शहरातल्या सगळ्या हरामखोरांना रस्त्याला चिकटवतो. पहिल्या भागाच्या शेवटी त्याच्या आईवर इमारत कोसळते आणि तो तिथून चालत जातो. मागे वळून बघत नाही. इतका dark शेवट कोणाच्या बापाने केला नव्हता.

मॅडम म्हणजे आमच्या मालकीणबाई. त्यांनी स्पष्ट सांगितलंय. जुने ऑपरेटर काका रिटायर झाले, तुला ट्रायलवर घेतलंय, डांबरचे दोन आठवडे नीट काढून दाखव, मग कायम झाल्याचं पत्र देते. मी म्हटलं, पत्र आत्ताच टाइप करून ठेवा. त्या म्हणाल्या, आधी चष्मे मोज.

१० मार्च, शुक्रवार
काय पिक्चर आहे!!

आणि काय पब्लिक आहे. नालायक.

पहिल्या दहा मिनिटांत कोणीतरी ओरडलं, अरे लाइट लावा. दुसरा म्हणाला, पडदा उघडायचा राहिलाय का. टॉर्च (आमचा डोअरकीपर. पन्नाशीचा आहे, लोकांना सीट दाखवतो, बाकी काही करत नाही) मध्यंतरात वर केबिनमध्ये आला आणि म्हणाला, साहेब, मी माझी बॅटरी पडद्यावर मारत बसू का, निदान हिरो कुठे उभा आहे तेवढं तरी कळेल. अशा माणसांना उत्तर देत नाही.

त्यांना काय कळणार. पहिला भाग काळा होता, हा त्याच्याही पलीकडे गेलाय. रात्र संपतच नाही. आणि तो सीन. डांबरमॅन मारामारी करून घरी येतो. कोपऱ्यात एक खुर्ची. खुर्चीचीसुद्धा नुसती कड दिसते. तो तिच्यासमोर जमिनीवर बसतो आणि विचारतो, आई, जेवलीस का? उत्तर नाही. कसं येणार? आई पहिल्या भागातच गेली. हा माणूस रिकाम्या खुर्चीशी बोलतो! आणि असं एकदा नाही, दर मारामारीनंतर. केबिनच्या खिडकीतून बघताना मला हुंदका आला.

खाली लोक परतावा मागत होते.

११ मार्च, शनिवार
चीड. नुसती चीड.

एक गृहस्थ बायको आणि सासूला घेऊन मध्येच बाहेर आले आणि काउंटरवर बडबडले की अंधार बघायला तिकीट कशाला, तो आमच्या जिन्यात फुकट मिळतो. सासूबाई म्हणाल्या, आवाज छान होता हो पण. हा आपला प्रेक्षकवर्ग.

मॅडमनी बोलावलं. मशीन बघितलंस का म्हणाल्या. मला हे लागलं. मी म्हटलं, मॅडम, ते मशीन मला पोटच्या पोरासारखं आहे. त्या म्हणाल्या, मग पोराला एकदा बघून ये. वर गेलो. दारातूनच बघितलं. चालू होतं.

मग मीच उपाय सुचवला आणि मॅडमनी मान्य केला. दारावर बोर्ड लावला. हा चित्रपट दिग्दर्शकाने जाणूनबुजून काळोखात ठेवला आहे. ज्यांना समजत नाही त्यांनी तक्रार करू नये. दुसरं वाक्य मॅडमनी खोडायला लावलं. मी बारीक अक्षरात खाली पुन्हा लिहिलं.

एक निरीक्षण: आज मध्यंतरातल्या टूथपेस्टच्या जाहिरातीत त्या बाईचे दातसुद्धा राखाडी होते. म्हणजे 'डांबर'ची स्टाइल बाकीच्यांनी उचलायला सुरुवातसुद्धा केली. मी हे दोन वर्षांपूर्वीच म्हटलं होतं.

१२ मार्च, रविवार
पेंग्विनना या रविवारी सुट्टी, सगळे शो डांबरचे. बरं झालं.

पण सकाळी पेपर उघडला आणि दिवस नासला. 'अडीच स्टार'चा रिव्ह्यू. आमच्या पेपरातला हा म्हातारा समीक्षक. जन्माला आल्यापासून प्रत्येक पिक्चरला अडीच देतो. याही वेळी अडीच. त्याचं मला काही नाही. पण लिहिलंय काय? म्हणे, नायक लाकडी आहे, पण मुक्या झालेल्या आईचं काम करणाऱ्या नटीने चित्रपट तारून नेला. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ती नुसत्या हातांनी आणि डोळ्यांनी बोलते. पुढे म्हणे रंगांची उधळण. उधळण! डांबरमध्ये!

हा माणूस पिक्चर न बघता लिहितो. खात्रीच पटली. कोणती नटी? कुठली खुर्ची? खुर्ची रिकामी आहे, महाराज. मी दिवसातून चार वेळा बघतो.

संकल्प: या माणसाला सोडायचं नाही.

१३ मार्च, सोमवार
ताईकडेच राहतो म्हणून सगळं ऐकून घ्यायचं, असं काही आहे का?

ताई ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर त्या नव्या मोठ्या मॉलमध्ये जाऊन डांबर २ बघून आली. स्वतःच्या भावाचं थिएटर सोडून! कारण काय, तर तिकडच्या खुर्च्या मागे झुकतात. जेवताना म्हणाली, बाकी पिक्चर ठीक, पण त्याची आई काय गोड आहे रे, ते हिरव्या लोकरीचं विणकाम करत बसते ना ती.

मी ताट बाजूला सारलं. म्हटलं, आई मेली आहे. ती म्हणाली, वाचली की, फक्त आवाज गेला, सुरुवातीलाच दाखवलंय. मी म्हटलं, सुरुवातीला फक्त धूर दाखवलाय. ती म्हणाली, धुरातून बाहेर येते ना ती, स्ट्रेचरवर. मी म्हटलं, तू पेपर वाचून बोलतेयस. भावजी मध्ये पडले, म्हणाले, अरे नसेल दिसली याला, तो वरच्या भोकातून बघतो. ताई हसली. दोघं हसले.

वरच्या भोकातून. त्याला प्रोजेक्शन पोर्ट म्हणतात. पण कोणाला सांगणार.

१५ मार्च, बुधवार
निबंध पूर्ण झाला. 'रिकामी खुर्ची: डांबरमॅनचं एकटेपण'. माझ्या पेजवर टाकला. त्यात म्हटलंय की आई हा या पिक्चरमधला सगळ्यात मोठा अभाव आहे, आणि ज्यांना खुर्चीत कोणी दिसतं ते स्वतःच्या भीतीने तिथे माणूस बसवतात. हे वाक्य लिहून मी स्वतःच उठून उभा राहिलो.

संध्याकाळी कमेंट्स. एकाने लिहिलं, भाऊ, मधल्या रांगेत समोर उंच माणूस होता का? एकीने विचारलं, विणकाम कोण करत होतं मग, खुर्ची? एकाने माझ्या फोटोखाली चष्म्याच्या दुकानाचा पत्ता टाकला. एकाने मात्र लिहिलं की हा मराठीतला सर्वात खोल लेख आहे. तो मीच होतो, दुसऱ्या अकाउंटवरून. पण मत प्रामाणिक आहे.

अज्ञान पसरलंय. साथीसारखं.

१६ मार्च, गुरुवार
अडीच स्टारला जाहीर आव्हान दिलं. पेजवर. येत्या रविवारी संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये यावं, माझ्या शेजारी बसून पिक्चर बघावा, आणि खुर्चीत कोणी दिसलं तर सगळ्यांसमोर बोट दाखवावं. दिसलं नाही तर माईकवर माफी मागावी.

मॅडम भडकतील वाटलं होतं. त्या म्हणाल्या, तिकिटं खपतील. माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की पत्र जवळजवळ टाइप झालंच म्हणायचं.

टॉर्च म्हणाला, आणि बाई दिसली तर? मी म्हटलं, दिसली तर मी उद्यापासून तुझ्याबरोबर दारात उभा राहीन. त्याने ते कॅलेंडरवर लिहून ठेवलं. बालिश माणूस.

१८ मार्च, शनिवार
म्हाताऱ्याने आव्हान स्वीकारलं. फोनवर म्हणे मॅडमना विचारत होता, बोलावणारा मुलगा कोण, फार तळमळीने लिहितो. तळमळ! बघ उद्या.

भाषण तयार. आरशासमोर म्हणून पाहिलं. भावजी दाढी करायला थांबले होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. खवचट.

१९ मार्च, रविवार, सकाळ
नीट लिहितो.

आज पेंग्विन परत. थ्रीडी लावताना प्रोजेक्टरच्या भिंगापुढे एक काळपट काच सरकवावी लागते. साधा पिक्चर लावताना ती काढायची असते, नाहीतर निम्मा उजेड ती काचच खाते. हे ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी शिकवतात. मला सगळं येतं.

काच लावायला गेलो.

काच लावलेलीच होती.

१९ मार्च, दुपार
शांतपणे विचार केला. ही चूक आहे का? तांत्रिकदृष्ट्या, हो. त्या दिवशी मला चष्मे पुसायला लावले नसते तर झाली असती का? नाही. म्हणजे चूक कोणाची ते उघड आहे.

आता काच काढली तर काय होईल? एकटा म्हाताराच नाही, अख्खा गाव, ताई-भावजी, मॅडम, सगळे खाली बसणार. आणि खुर्चीत बाई दिसणार. पत्र गेलं. दारात टॉर्चबरोबर उभं राहायचं, तेही वेगळं.

दुसरी बाजू. दिग्दर्शकाला काळोख हवा होता की नाही? होता. काचेने त्याचा हेतू पूर्णच होतो. एक प्रकारे ही माझी आवृत्ती आहे. ऑपरेटर्स कट.

काच ठेवतोय. कलेसाठी.

१९ मार्च, संध्याकाळ
जिंकलो.

हॉल भरलेला. अडीच स्टार हडकुळा निघाला, पांढरा शर्ट, हातात घडी केलेला स्वेटर. मला नमस्कार केला. मी मान हलवली. खुर्चीचा सीन आला. तो पुढे झुकला. चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. डांबरमॅन म्हणाला, आई, जेवलीस का? म्हाताऱ्याने बोट वर केलं. मग खाली घेतलं. ताई मागच्या रांगेतून बडबडली, इथे काहीच दिसत नाहीये, हे असं नव्हतं. मी तिला शू केलं.

शेवटी त्याने माईक घेतला. म्हणाला, मला खुर्चीत कोणी दिसलं नाही, माझ्याकडून चूक झाली असावी, माफ करा. लोकांनी थोड्या टाळ्या वाजवल्या. मी भाषण केलं. लोक निघून चालले होते, त्यामुळे जरा भरभर केलं.

मॅडम म्हणाल्या, शुक्रवारी ऑफिसात ये. शुक्रवारी पत्र!

आनंद झाला आहे. व्हायलाच हवा.

२१ मार्च, मंगळवार
पेपरात चौकट. आमचे समीक्षक प्रकृतीच्या कारणाने सदर थांबवत आहेत.

काय नाटकं आहेत! हरला तर हरला, सदर कशाला थांबवायचं? मला काय खलनायक करायचंय? आता लोक म्हणतील, त्या पोराने म्हाताऱ्याला घरी बसवला. अडीच स्टार द्यायला प्रकृती लागते का? डोळे मिटूनही देता येतात.

ताई दोन दिवस बोलत नाहीये. फक्त एकदा म्हणाली, तुमच्या पडद्याला झालंय काय? मी म्हटलं, पडदा नवीन आहे. तो नवीन नाही.

२२ मार्च, बुधवार
अडीच स्टारने थिएटरवर फोन केला. मला मागितलं. टॉर्चने फोन माझ्या हातात दिला आणि तिथेच उभा राहिला.

आधी म्हणाला, तुमचा निबंध वाचला, वाक्यं चांगली आहेत. मग विचारलं, एक सांगाल का, राग नका मानू, त्या खुर्चीत खरंच कोणी नव्हतं ना? मी म्हटलं, तुम्हीच तर माईकवर सांगितलंत. तो म्हणाला, हो, पण मी पहिल्यांदा मॉलमध्ये बघितला तेव्हा ती होती. हिरवी लोकर होती. तिने लेकराच्या तोंडावरचं डांबर पदराने पुसलं, मला आठवतंय. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो, डोळे उत्तम आहेत म्हणाले. मग जी नाहीच ती मला दिसली कशी? माझ्या वडिलांचंही असंच सुरू झालं होतं. नसलेली माणसं दिसायची. घरी अजून कोणाला बोललो नाही. म्हटलं, तुम्ही दिवसातून चार वेळा बघता, तुम्हाला विचारावं.

मी म्हटलं, शो सुरू व्हायचाय, आणि फोन ठेवला.

शो सुरू व्हायला वेळ होता.

मला का सांगतो हा? मी काय त्याचा मुलगा लागतो? राग आलाय. इतका राग या पूर्ण महिन्यात आला नव्हता. कोणाचा, ते उद्या बघू.

२३ मार्च, गुरुवार
काच काढली.

कारण असं काही नाही. काचेवर धूळ बसली होती. शिवाय दोन आठवडे उद्या संपतायत, आता तक्रार आली तरी किती येणार. एवढंच.

काढायच्या आधी म्हाताऱ्याला फोन केला. म्हटलं, दुपारच्या शोला या, एकटे या. त्यांनी कारण विचारलं नाही. आले. तोच शर्ट, तोच स्वेटर.

मी वरून बघत होतो. पहिल्याच फ्रेमला हॉलमधून आवाज आला, सकाळी पडदे उघडल्यावर झोपलेल्यांकडून येतो तसा. रंग होते. च्यायला, केवढे रंग होते! डांबरमॅनचा पट्टा लाल आहे. मला माहीतच नव्हतं. मारामारी चालते तो चौक माणसांनी भरलेला आहे, मी त्याला निर्मनुष्य म्हणून एक पूर्ण परिच्छेद लिहिला होता.

मग घर. कोपरा. खुर्ची.

बसली होती. चांगली भरल्या अंगाची बाई, मांडीवर हिरवी लोकर, ठाण मांडून. त्याने विचारलं, आई, जेवलीस का? तिने हाताने खूण केली की तू आधी हात धू. हॉल हसला. हा विनोद या हॉलला दोन आठवड्यांपूर्वीच कळायला हवा होता.

खाली ते उठून उभे राहिले होते. मागचे लोक ओरडले, ओ काका, बसा खाली. ते बसले. चष्मा काढून हातात धरला आणि तसेच बसून राहिले.

संपल्यावर मॅडम खूश होऊन वर आल्या. काय केलंस रे, म्हणाल्या, काय झक्क दिसतोय. त्यांच्या मागे जिन्यात समीक्षक उभे होते, धापा टाकत. आतून एक छान वाक्य आलं होतं, की लेन्सचं कॅलिब्रेशन जमवून आणलं. इंग्रजी शब्द आहेत, मॅडमना पटलं असतं. तोंडही उघडलं. पण ते माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर मी बोललो असतो ते वाक्य.

म्हटलं, थ्रीडीची काच राहिली होती. पाच तारखेपासून. रविवारी मला माहीत होतं.

मॅडमना समजायला जरा वेळ लागला. समीक्षकांना मात्र लगेच समजलं. जिन्यातच खाली बसले आणि हसायला लागले. इतके हसले की टॉर्च पाणी घेऊन आला. मग म्हणाले, अरे गाढवा. आणि पुन्हा म्हणाले, अरे गाढवा. माझ्या आयुष्यात कोणी मला इतक्या प्रेमाने शिवी दिली नाही. तरी ती शिवीच आहे, हे नोंदवून ठेवतो.

२४ मार्च, शुक्रवार
ऑफिसात गेलो. पत्र होतं, पण जुन्या काकांच्या नावाने. परत बोलावलंय. मॅडम म्हणाल्या, घरी जा असं सांगणार होते, पण तो म्हातारा रदबदली करून गेला. दारात उभा राहशील? टॉर्चने कॅलेंडर भिंतीवरून काढून टेबलावर आणून ठेवलं होतं.

मी म्हटलं, विचार करून सांगतो. त्या म्हणाल्या, सहाचा शो आहे.

पेपरात सदर परत सुरू. डांबर २ वर दोन ओळी जास्तीच्या. स्टार अडीचच. काचेचा उल्लेख नाही, निबंधाचा नाही, माझा तर नाहीच. एवढं सगळं करून माणसाने निदान नाव तरी छापावं. कृतघ्न.

२६ मार्च, रविवार
दारातल्या कामाचेही काही फायदे आहेत. थेट प्रेक्षकांशी संपर्क. लोकमानस कळतं. यावर पुढे पुस्तक होऊ शकतं.

बॅटरी मिळाली आहे. पण पडद्यावर आता इतका उजेड असतो की उशिरा आलेले लोकही आपापल्या सीट स्वतःच शोधतात. एका आजींना दाखवायला गेलो तर म्हणाल्या, तो दिवा डोळ्यांवरून काढ बाळा, मला दिसतंय.

काम नसल्याने शेवटच्या रांगेत बसलो. ठरवलं, आज डांबर २ पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट बघायचा, आई धरून, आणि नवा निबंध लिहायचा. आधीच्यापेक्षा खोल.

मध्यंतरानंतर डोळा लागला.